‘आई’ला हात लावू नका

रेणापूरच्या त्या पोराला हातावर खरं तर रेणुकादेवीचा मुखवटा काढायचा होता. पण लातूरच्या टॅटूवाल्याने इंचाचा भाव सांगितला तेव्हा देवी आखडत आखडत दोन अक्षरांवर आली: ‘आई’. गावची रेणुका आणि घरची जन्मदात्री, दोघी एकाच खर्चात.

परतताना हाताला पन्नी गुंडाळलेली. आत रक्त, शाई आणि लस यांचा चिकट रस्सा. सूचना तोंडपाठ होत्या: दोन-तीन तासांनी पन्नी काढायची, आधी हात धुवायचे, मग बिनवासाच्या साबणाने नि कोमट पाण्याने टॅटू हळूच धुऊन टिपायचा, मलम अगदी पातळ लावायचं. भरेपर्यंत विहिरीत उड्या बंद, खाजवणं बंद, ऊन बंद. मे महिन्यात, लातूर जिल्ह्यात, ऊन बंद!

घरी आजीने हात पाहिला आणि हळदीचा डबा काढला. तिच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण. तिच्या लहानपणी गोंदणारीण दारात यायची, एकत्र बांधलेल्या सुयांनी काजळी टोचायची, वरून हळद-तेल. मेल्यावर सोबत येणारा दागिना एवढाच, ही त्यामागची श्रद्धा. पोराने हात मागे घेतला. इथे त्याचंच बरोबर होतं, कारण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि ताजा टॅटू म्हणजे चित्र नव्हे, हजारो भोकांची उघडी जखम. ते टोचायचं विजेचं यंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायलीने 1891 साली पेटंट केलं, तेही कागदाला भोकं पाडणाऱ्या एडिसनच्या विजेच्या पेनावरून. कागदाला मलम लागत नाही, एवढाच फरक.

गावाला मात्र ही जखम सार्वजनिक मालमत्ता वाटली. चहाच्या टपरीवर प्रत्येकाने बोट फिरवून ‘पक्कं हाय का?’ तपासलं. भरतीसाठी पहाटे पळणारा मित्र म्हणाला, “कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला असतं तर सैन्यात चाललं असतं. तू बाहेरून काढलास.” पोराला सैन्यात जायचंच नव्हतं, तरी त्याचा दिवस वाईट गेला.

पाचव्या दिवशी खाज सुटली. त्याबरोबर काळे पापुद्रे निघू लागले आणि ‘आई’चा कानाच गेला म्हणून पोराने टॅटूवाल्याला फोन लावला. काना जागेवरच होता. गळत होती ती वरची कातडी. पापुद्रा ओढला की खालची शाईही निघून येते, म्हणून त्याला हात लावायचा नाही. रात्री दोनला तो अंगणात हात हवेत धरून बसलेला दिसला तेव्हा आजी बाजेवरून म्हणाली, “खाजवू नगं, वरून थापट.” टॅटूवाल्याने फोनवर नेमकं हेच सांगितलं होतं, फक्त त्याने आधी हात धुवायला लावले होते.

शाई टिकते कशी, हे तर आणखी मजेशीर. कातडीतल्या भक्षक पेशी ती गिळून बसतात. त्या मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी गिळतात. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांच्या शेपटीवर हे दाखवलं. तलाठ्याची बदली होते, फाइल तिथंच राहते, तसं. आजीच्या हातावर गोंदलेली तुळस म्हणून अजून शाबूत आहे. काजळी खोलवर असल्याने कातडीआडून हिरवट-निळी दिसते एवढंच.

महिन्याभरात टॅटू भरला. साहेबांच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर आलं तेव्हा पोरगं बाही सरसावून रांगेत पहिलं, आणि तिथूनच परत पाठवलं गेलं: गोंदल्यावर 12 महिने रक्त देता येत नाही. बिस्किटाचा पुडाही मिळाला नाही.

आता जखम भरली, म्हणजे उन्हाने रंग उडू नये म्हणून रोज सनस्क्रीन. ते महाग. म्हणून तो नेमकं दोन अक्षरांपुरतंच लावतो. वर्षभर मोटारसायकलवर हिंडून हात रापला, आणि त्यात ‘आई’भोवती एक चौकोनी गोरा तुकडा उरला. परवा जेवायला वाढताना आई तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तेवढंच धुतोस व्हय रं?”