ठिपक्यांचा पटवारी

हुमनाबादपासून उदगीरपर्यंत दर गावाला एक मामा असतो. आमच्या हळ्ळीखेडलाही आहे. शिवी कन्नडात, सौदा दखनीत आणि गुरांची वंशावळ मराठीत. स्वतःच्या आजोबांचं नाव विचारलं तर क्षणभर थांबेल, पण गायीची पणजी कुणाच्या दावणीची होती ते झोपेतही सांगेल.

गुरांची देवणी जात इकडचीच, आणि तिचं सरकारी पैदास केंद्र आमच्याच गावात. त्यामुळे मामाला वाटतं, खात्यात आपण बिनपगारी आहोत. या जातीत रंगाचे तीन प्रकार. अंग पांढरं आणि तोंड काळवंडलेलं तो वानेरा, अंगभर वेडेवाकडे काळे डाग तो शेवेरा, आणि काळे ठिपके फक्त खाली पोटाकडे तो बालंक्या. पुस्तकाचं एवढ्यावर भागतं. मामाचं इथून पुढं सुरू होतं. आईचा कुठला डाग लेकीला येतो, बापाचा कुठला नातवाला, हे त्याला पडताळून बघायचं असतं. प्रत्येक वासराच्या दोन्ही कुशींचे नकाशे त्याने तुरीच्या पावत्यांमागे काढून ठेवलेत. एकदा पीककर्जाच्या अर्जाला पहाणीच्या उताऱ्याऐवजी शेवेऱ्याची डावी कूस जोडली गेली.

हैदराबादच्या भाच्याने त्याला अजगरांचं सांगितलं. पश्चिम आफ्रिकेतला, घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा लहानसा अजगर. अमेरिकेत हौशी लोक तो पाळतात. एखादा जगावेगळ्या नक्षीचा निघाला की त्याची पिलं काढून बघतात, नक्षी रक्तात आहे की नुसता योगायोग. पांढऱ्या चट्ट्यांचा अजगर तर आई आणि बाप दोघांकडून गुण आला तरच जन्मतो. पहिल्या पिढीत काहीच दिसत नाही, म्हणून तीच पिलं वाढवून पुन्हा जुळवावी लागतात.

"हे तर आपलंच काम की रे! नुसते पाय काढलेत." मामा खूश झाला. मग हळूच विचारलं, "एका वेळंला पिलं किती?"

"पाच-सहा अंडी."

मामाचा चेहरा उतरला. गाय नऊ महिने नऊ दिवस थांबवून एकच वासरू देते, आणि कालवड वितेपर्यंत तीन-चार वर्षं जातात. मठातल्या मेंडेलने आनुवंशिकता तपासायला वाटाणे पेरले ते उगीच नाही. देवणी बांधली असती तर दुसऱ्या पिढीआधीच कडब्यापायी मठ गहाण पडला असता.

मामाचा सिद्धांत मात्र कधी चुकत नाही, वासरं चुकतात. डाग भलतीकडे उठला की रेतनाची कांडी बदलली, डॉक्टर घाईत होता, नाहीतर शेजारच्या वळूने दावं तोडलं. त्या वळूची एवढी बदनामी झाली की मालकाने तो माळेगावच्या जत्रेत विकून टाकला. त्यानंतरही दोन वर्षं संशय त्याच्यावरच होता. सोयरिकीतही मामा नवऱ्यामुलाची पत्रिका बघत नाही, त्याच्या आजोबांचे कान बघतो.

परवा त्याची शेवेरा गाय व्यायली. बापही शेवेरा. पैज चहाची होती, सगळी गल्ली गोठ्यात. वासरू पडलं ते नखशिखांत पांढरं. कुणीतरी खोकलं. मामाने वासराची दोन्ही अंगं पाहिली, शेपूट उचलून पाहिली, कानांच्या आत डोकावला. मग ओल्या पाठीवरून पोतं फिरवत म्हणाला,

"थांबा की जरा. वाळू द्या. वाळल्यावर उठतंय."