बापाचं नाव

आमच्या शाळेत नववीला मेंडेल आणि दहावीला पुनरुत्पादन मी शिकवते. बऱ्याच शाळांत दहावीचा तो धडा 'घरी वाचून या' या सदरात जातो. मी मात्र फळ्यावर आकृत्या काढते, प्रत्येक भागाला खडूने नाव देते आणि मागच्या बाकांवरची खुसखुस नुसत्या नजरेने बंद पाडते. स्टाफरूममध्ये माझा त्याबद्दल दबदबा आहे. तेव्हा दोन पाखरांचा संसार लावून द्यायला आपल्याला अडचण येईल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मुलाला कुत्रा हवा होता. ह्यांना बोलणारा पोपट हवा होता. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही हे मी ह्यांना नीट समजावून सांगितलं, तर म्हणाले, "असू दे, बोलणारं माणूस घरात आहेच." शेवटी तडजोड बजींवर झाली.

स्टेशनजवळच्या दुकानात त्यांना लव्हबर्ड्स म्हणतात. मी दुकानदाराला मध्येच थांबवून सांगितलं की लव्हबर्ड्स आफ्रिकेतले. हे बजरीगर, ऑस्ट्रेलियातले. तो म्हणाला, "मॅडम, घ्यायचेत की पेपर तपासायचेत?" मी म्हटलं, जोडी द्या, नर आणि मादी. "गॅरंटी," म्हणत त्याने गच्च भरलेल्या पिंजऱ्यात हात घातला आणि हाताला लागले ते दोन बाहेर काढले. एक हिरवा, एक निळा. मुलाने रिक्षातच नावं ठेवून टाकली: हिरवा तो राजा, निळी ती राणी.

रिक्षात मी त्याला इतिहासही सांगितला. जिवंत बजी इंग्लंडात नेले ते जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने, १८४० साली. पण ते पक्षी ऑस्ट्रेलियात हाताने भरवून वाढवले होते त्याच्या मेव्हण्याने, चार्ल्स कॉक्सनने. म्हणजे खस्ता खाल्ल्या मेव्हण्याने आणि पुस्तकात नाव दाजींचं. हे रात्री जेवताना पुन्हा सांगितलं तेव्हा ह्यांना माझ्या धाकट्या भावाची एकदम प्रेमाने आठवण झाली.

राजा-राणीचं प्रेम बघण्यासारखं होतं. राजा मान वरखाली करत दाणे पोटातून वर आणायचा आणि राणीच्या चोचीत चोच घालून भरवायचा. मग राणी त्याच्या डोक्यावरची पिसं एकेक करून विंचरायची. मी गॅलरीत चहा घेत बसले की हे चालूच. लगोलग मी एक मडकं आणलं, त्याला बाजूने भोक पाडून घेतलं आणि पिंजऱ्यात आडवं टांगलं. तळाशी लाकडाचा भुसा घातला. कॅल्शियमसाठी समुद्रफेस अडकवला, कारण कॅल्शियम कमी पडलं तर अंडं आतच अडकून मादी दगावते. राळा, बाजरी, कोथिंबीर, उकडलेल्या अंड्याचा चुरा, असं डोहाळजेवणच चालू केलं म्हणा ना. तापलेल्या नॉनस्टिकच्या वाफेने पक्षी मरू शकतात म्हणून नॉनस्टिक तवा माळ्यावर गेला आणि ह्यांचे डोसे बिडाच्या तव्याला चिकटायला लागले.

अंड्याचा पत्ता नव्हता. दोघं मडक्यावर बसायची, आत कोणी जाईना. सासूबाई सावंतवाडीकडच्या. लग्नाआधी माहेरी आणि नंतर सासरी त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. त्या येता-जाता मडक्याकडे बघायच्या आणि काही न बोलता आत जायच्या. हे न बोलणं फार वाईट. एकदा मी विचारलंच, "आई, तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "मला काय कळतं गो, तू शिकलेली."

निकाल दिला तो नववीतल्या एका मुलाने. वह्यांचा गठ्ठा घरी पोचवायला आला होता. बूट काढता काढता त्याची नजर गॅलरीत गेली. "बाई, दोन्ही नर कशाला ठेवलेत?"

चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती, बजीला एक मांसल पट्टी असते. वयात आलेल्या नरात ती निळी होते आणि मादीत तपकिरी. पिल्लात ती फिकट गुलाबी-जांभळट असते, त्यामुळे दुकानातली गॅरंटी ही माणसाच्या स्वभावावर दिलेली असते, पक्ष्यावर नव्हे. माझे दोन्ही पक्षी दरम्यान वयात आले होते. दोन निळीशार नाकं रोज माझ्यासमोर कोथिंबीर खात होती. नर एकमेकांना भरवतात, विंचरतात, त्यांच्या जगात त्यात वावगं काही नाही. मी हे सगळं घरात जाहीर केल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग राहू देत की. गुण्यागोविंदाने राहतायत. मडकं तेवढं काढ."

मडकं काढलं असतं तर माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीला अर्थ काय राहिला असता? मी मादी आणली. तो वह्यांवाला मुलगा सोबत आला आणि त्याने दुकानदाराच्या देखत नाकं तपासून घेतली. मादी निळी होती, नाक चॉकलेटी आणि खरखरीत, म्हणजे अंड्यावर यायला तयार. राणी हे नाव आधीच एका पुरुषाकडे अडकलेलं असल्यामुळे हिचं नाव महाराणी पडलं.

महाराणीने पिंजऱ्यात पाऊल ठेवलं आणि कारभार हातात घेतला. मडक्यात शिरून पहिल्यांदा तिने मी घातलेला भुसा पायाने बाहेर उधळला. मी पुन्हा भरला, तिने पुन्हा उधळला. मी तिसऱ्यांदा हात आत घातला तेव्हा तिने तर्जनीला अशी पकडली की त्या आठवड्यात फळ्यावर माझं अक्षर ओळखू येईना. राजाला तिने नवरा करून घेतलं. राणी समोरच्या दांडीवर बसून बघत राहिली. राहिला. या वाक्याचं लिंग मला आजही सांभाळता येत नाही.

मग अंडी आली, एक दिवसाआड एक, अशी पाच. पांढरी शुभ्र, दोन सेंटिमीटरसुद्धा लांब नाहीत. बजीची मादी एकटीच उबवते. नर तिला मडक्याच्या तोंडाशी भरवतो आणि मधल्या वेळात गाणी म्हणतो. अठरा दिवसांच्या आसपास अंडं फुटतं. एवढं थांबायचा माझा स्वभाव नाही. रात्री महाराणी दाणे खायला बाहेर आली की मी मोबाइलची बॅटरी लावून एकेक अंडं बघायची. पाचातल्या चारांत लाल रेषांचं जाळं दिसलं आणि मध्ये एक ठिपका, धडधडणारा. मी ह्यांना झोपेतून उठवलं, मुलाला उठवलं. सासूबाई आपणहून उठल्या. त्यांनी अंडं बघितलं आणि म्हणाल्या, "आम्ही कंदिलावर बघायचो. एकदाच बघायचो. कोंबडी रवणाला बसली की तिच्या वाटेला जायचं नसतं." मग आत जाऊन मीठमोहऱ्या आणल्या आणि पिंजऱ्यावरून ओवाळून टाकल्या. महाराणी तेवढा वेळ शांत बसली. मला तर ती आल्या दिवसापासून एकदाही शांत दिसली नव्हती.

नववीत त्याच सुमाराला मेंडेल चालू होता. आयतं उदाहरण घरात असताना वाटाण्याच्या वेली कशाला? मी फळ्यावर चौकट काढली. बजीत निळ्यावर पिवळा चढून हिरवा दिसतो. निळ्या पक्ष्याला पिवळा रंग बनवताच येत नाही. त्याला कारणीभूत असलेला जनुकातला बारीकसा बदल २०१७ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढला. हिरवा प्रभावी, निळा अप्रभावी. बाप हिरवा, आई निळी. "तेव्हा मुलांनो, बाईंच्या घरची सगळी पिल्लं कुठल्या रंगाची होतील?" वर्ग एका सुरात म्हणाला, "हिरवी!" मी खाली दोन रेघा मारल्या.

पिल्लं निघाली. पक्ष्याचं पिल्लू म्हटलं की कॅलेंडरवरचं काहीतरी गोंडस डोळ्यांपुढे येतं. ही सोललेल्या कोलंबीसारखी होती. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेले, वजन जेमतेम दोन ग्रॅम, आणि डोकं इतकं जड की ते उचलून धरण्यातच सगळा जीव खर्च. अंडी एक दिवसाआड घातलेली, म्हणून फुटलीही तशीच. थोरलं चांगलं गरगरीत झालं तेव्हा धाकटं नुकतं जगात आलं होतं आणि तिघांच्या खाली दबून पडलं होतं.

ते उपाशी मरणार याची मला खात्री पटली. मी पिल्लांना भरवायची पावडर आणली, सुई नसलेली सिरिंज आणली. खाणं चाळीस अंशांच्या आसपास कोमट लागतं; गार झालं तर पोटात साचतं, गरम झालं तर आतून भाजतं. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक पर्समधून घरी आणला. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी विचारलं, तर "घरी आजारी आहे कोणीतरी" म्हणाले. ते तीन दिवस ह्यांच्या तब्येतीची चौकशी करत होते.

प्रत्यक्ष भरवण्याचा प्रसंग थोडक्यात सांगते. डाव्या तळहातावर पिल्लू, उजव्या हातात सिरिंज, चष्मा नाकाच्या टोकावर. पिल्लू मान वळवतं, कारण त्याला डोळे नसले तरी अक्कल आहे. पहिला थेंब त्याच्या पाठीवर, दुसरा माझ्या चष्म्यावर. तिसरा मी चष्मा पुसायला सिरिंज तोंडात धरली तेव्हा माझ्या पोटात. चव नाचणीच्या सत्त्वाच्या जवळपासची आहे. एवढं झाल्यावर सासूबाईंनी माझा हात धरून दिव्याखाली नेला. पिल्लाच्या मानेखाली, पारदर्शक कातडीच्या आत, फुगलेली पिशवी होती आणि तिच्यात दाणे स्पष्ट दिसत होते. टच्च भरलेली. त्याच्या आईने त्याला माझ्या आधीच जेवू घातलं होतं.

"ठेव ते जागेवर," सासूबाई म्हणाल्या. पावडरचा डबा अजून फ्रिजच्या वर आहे. ह्यांनी एकदा प्रोटीन समजून दुधातून घेतली.

खरा घोटाळा पुढेच होता. पिल्लांना काटेरी कोंब फुटले, कोंबांची टोकं उघडली, आणि रंग कळला: दोन हिरवी, दोन निळी.

रंग लपवावा असं मनात आलं होतं, पण वह्यांवाल्या मुलाने वर्गात आधीच बातमी फोडली. मी फळ्यावर नवी चौकट काढली. राजा दिसायला हिरवा असला तरी त्याच्यात निळ्याचा जनुक लपलेला असू शकतो. तसं असेल तर साधारण निम्मी पिल्लं निळी. "म्हणजेच मेंडेलचा नियम तंतोतंत..." इथपर्यंत मी आले होते. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर हजेरीशिवाय तोंड उघडत नाही, ती उठून म्हणाली, "बाई, किंवा मग राणी."

वर्ग फुटला. शेजारच्या वर्गातून संस्कृतच्या बाई बघायला आल्या.

मुलीचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, हीच पंचाईत. हिरवी दोन नक्की राजाची, कारण हिरव्याचा जनुक त्या पिंजऱ्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. निळी दोन राजाचीही असू शकतात आणि राणीचीही. बजी जोडीने संसार करतात, पण कडेकडेने इतर उद्योगही चालतात, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय. सासूबाईंनी दांडीवरच्या राणीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते, हा इतका गप्प का."

यावर शास्त्रीय उपाय एकच होता. पिल्लं पाचव्या आठवड्यात मडक्याबाहेर पडली. महाराणी तर त्याआधीच दुसऱ्या खेपेची तयारी करत होती. मी नवा पिंजरा आणला आणि राणीला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. मादीच्या शरीरात शुक्राणू काही दिवस टिकतात, म्हणून अंड्यांच्या आधीच हलवलं. आता निळं पिल्लू निघालं तर बाप राजाच. नियंत्रित प्रयोग म्हणतात तो हा. वहीत तारीख घातली, खाली सही केली.

राजाने संप केला. गाणं बंद, महाराणीला भरवणं बंद. जाळीच्या राणीकडच्या बाजूला लटकून सकाळपासून हाका. तिकडून राणीच्या हाका. बजीच्या जोडीत नर आपल्या जोडीदाराच्या हाकेची नक्कल शिकतो, हे संशोधनाने दाखवलंय. राजाला जी हाक हुबेहूब येत होती, ती महाराणीची नव्हती. महाराणी उपाशीपोटी मडक्याच्या तोंडात बसून माझ्याकडे बघत होती, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर 'कृपया गॅलरीतील पक्ष्यांचा वाद घरात मिटवावा' असं टाकलं.

मी शाळेतून आले तेव्हा राणी मूळ पिंजऱ्यात होती आणि नव्या पिंजऱ्यात सासूबाईंनी कांदे-बटाटे भरले होते. मी वही दाखवली. त्या म्हणाल्या, "बापाचं नाव कळून काय करणार आहेस? दाखला काढायचाय?"

दुसऱ्या खेपेलाही दोन्ही रंगांची पिल्लं निघाली. त्यांची पिसं पुरती फुटायच्या आत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता केला होता. चौकटी अगदी बिनचूक, जनुकांची अक्षरं रंगीत, वर ठळक मथळा: 'राजा, राणी आणि महाराणी'. सकाळी मी विज्ञानाच्या दालनात गेले तर तक्ता नाही. शिपाईमामांनी मथळा वाचून तो इतिहासाच्या दालनात, पन्हाळ्याच्या प्रतिकृतीशेजारी लावला होता. मी काढायला गेले, पण तोवर परीक्षक येऊन गेले होते. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.