एका इंचाचा प्रश्न

माझ्या हिमालयन मोटारसायकलच्या मागच्या टायरकडं पहिलं लक्ष गेलं ते शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांचं. सकाळचं फिरून येताना ते थांबले, बघितलं आणि म्हणाले, "पार गोटा झालाय हो." मी नकळत डोक्यावरून हात फिरवला. मग कळलं, ते टायरबद्दल बोलत होते.

खाली बसून पाहिलं. कडेचे ठोकळे कोरे करकरीत आणि मधला पट्टा मात्र पोळपाटासारखा सपाट. वाचता येणाऱ्याला असं टायर मालकाचं चरित्रच सांगतं: हा गृहस्थ कधी वळणावर झुकला नाही, सरळ कामाला गेला आणि सरळ घरी आला. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी असा नियम आहे. माझ्या टायरवर नियमाला बसायला जागाच उरली नव्हती.

सातारा हे गडांचं, सैनिकांचं आणि कंदी पेढ्यांचं गाव. टायरचंही असेल अशा समजुतीत मी पोवई नाक्यापासून सुरुवात केली. पहिल्या दुकानात माप सांगितलं, "एकशेवीस नव्वद सतरा." दुकानदारानं मान हलवली आणि स्कुटीचं टायर काढून दाखवलं. दुसऱ्यानं तर प्रेमानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "बुलेटचं घाला की. कंपनी एकच हाय."

"अहो, बुलेटचं मागचं चाक अठरा इंची. माझं सतरा."

"एका इंचानं काय हुतंय?"

या प्रश्नावर मी चहा संपेपर्यंत विचार केला. तसा दोष त्याचा नाही. टायरचं माप लिहायची रीतच अशी आहे की भला माणूस गोंधळावा. १२०/९०-१७ म्हणजे रुंदी १२० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर, आणि रिम १७ इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! आपल्याकडं रान गुंठ्यात, घर स्क्वेअर फुटात आणि अंतर "ह्ये काय हितंच" मध्ये मोजतात, तशातलाच प्रकार. त्यात हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातं, असा त्यामागचा विचार. खड्ड्यांच्या बाबतीत आपण त्या चाकाला कुठंच कमी पडू दिलेलं नाही.

शेवटी सांगलीच्या मेहुण्याला फोन लावला. "दाजी, सांगलीत हाय. मी बघून ठेवलंय. या तुम्ही." तो गाडी चालवत नाही, पण गाड्यांबद्दल त्याला सगळं माहीत असतं.

फेब्रुवारी संपत आला होता. सव्वाशे किलोमीटर गोट्यावर जायचं म्हणून मी पहाटेच निघालो. बायकोनं कंदी पेढ्यांचा पुडा दिला आणि "हळू जा" म्हणाली. ती एरवीही म्हणते, पण या वेळी तिनं टायर बघून म्हटलं. महामार्गावर रुंदीकरणाचं काम. जिथं तिथं वळण, डायव्हर्जन आणि मातीचा भराव. कराडच्या पुढं मेहुण्याच्या सल्ल्यानं आतला रस्ता धरला, ताकारीवरून पलूसकडं. उसाचा हंगाम ओसरत आलेला, तरी दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्ता अडवत चाललेले. एकाच्या मागं मी तीन किलोमीटर होतो. ट्रॉलीच्या टायरची नक्षी माझ्यापेक्षा चांगली होती.

किर्लोस्करवाडीची पाटी दिसली तशी गाडी बाजूला घेतली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथं, औंध संस्थानच्या माळावर, कारखाना उभा केला हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. पण मला त्या दिवशी आठवलं ते त्याआधीचं. १८८८ साली किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्याच साली तिकडं बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं पोराच्या तीनचाकीला हवेचं टायर बसवून त्याचं पेटंट घेतलं. दोघांची गाठ पडायचं कारण नव्हतं. पण बेळगावातल्या पहिल्या पंक्चरला कोणी कुणाला शिव्या घातल्या असतील, याचा विचार करत मी पेढा खाल्ला. पुड्यातला एक कमी झालेला बायकोला आजतागायत माहीत नाही.

सांगलीत मेहुणा दुकानाच्या पायरीवर बसूनच होता. दुकानदार वयस्क, डोळ्यावर चष्मा, सगळे अण्णा म्हणत होते. त्यांनी दोन टायरं पुढ्यात ठेवली. एक मोठमोठ्या ठोकळ्यांचं, जाहिरातीतल्या पहाडावर चढतं तसलं. दुसरं बारीक नक्षीचं, मधला पट्टा सलग.

"कच्च्यात किती जाता?" अण्णांनी विचारलं.

"निम्मं-निम्मं," मी म्हणालो.

मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं. "दाजी, सालभरात कच्च्यात कुठं गेलाव?"

"कासला."

"कासला डांबर हाय."

"बामणोलीला."

"त्ये बी डांबरच."

"ठोसेघर..."

"दाजी."

"आमच्या सोसायटीच्या पार्किंगला अजून फरशी बसली नाही," मी म्हणालो.

अण्णा हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "हे ठोकळ्याचं चिखलात झकास. पण डांबरावर घूं घूं करतंय, लवकर झिजतंय आणि पावसात ओल्या डांबराला रबर कमी लागतंय, घसरतंय. फोटोला मात्र लई भारी." मी बराच वेळ फोटोचा विचार केला. मग बारीक नक्षीचं उचललं. ते उचलताना मला एकदम पन्नाशी आल्यासारखी वाटली. ती आलेली होतीच, पण कळवलं अण्णांच्या दुकानात.

मेहुण्यानं बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचला. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. माल ताजा निघाला. "फुगे करणाऱ्यांनीबी टायर काढलं बरं का," अण्णा सहज बोलले. खरं आहे, एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासला खेळण्यातल्या फुग्यांपासून झाली. फुगा काय, टायर काय, मूळ सूत्र एकच: हवा भरायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

फिटिंगला समोरचा मिस्त्री. त्यानं आधी नवं टायर उन्हात टाकलं, रबर मऊ पडावं म्हणून. गाडी डबल स्टँडवर घेऊन चाक काढलं, जुन्या टायरवर दोन्ही पाय देऊन उभा राहिला आणि हलकेच उड्या मारल्या, तसं ते रिमपासून सुटलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीतास्वयंवर' उभं केलं त्या गावात प्रेक्षक मागवावे लागत नाहीत. पाच मिनिटांत सात जण जमले. मिस्त्रीनं ट्यूबला पावडर फासली (लहान बाळाची, वास अख्ख्या गल्लीत), टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं आणि दोन टाम्या घेऊन बसला. एक टामी पायाखाली दाबलेली, दुसरी इंचाइंचानं पुढं. "टामीचं टोक ट्यूबला लागलं की गेली," तो म्हणाला आणि सातही जणांनी श्वास धरला. बाजूवरचा बाण फिरायच्या दिशेनं आहे ना, हे त्यानं मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी मेहुण्याकडं बघितलं.

मग कॉम्प्रेसर. मला बत्तीस हवी होती, पण कडा रिमला नीट चढायला आधी जास्त भरावी लागते. काटा चाळीसवर आला.

"इशारा पातळी," मेहुणा म्हणाला.

सांगलीकराला चाळीस म्हटलं की पुराचं पाणी मोजायचा आयर्विन पूल दिसतो. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. पावसाळ्यात इथं माणसं एकमेकांची तब्येत नंतर विचारतात, आधी "आयर्विनला किती?" काटा त्रेचाळीस. गर्दी एक पाऊल मागं. पंचेचाळीस.

"दाजी, सरका."

टक्! एक बाजू चढली. पुन्हा टक्! दुसरी. कोणीतरी टाळी वाजवली. मिस्त्रीनं हवा सोडून काटा बत्तीसवर आणला. पूर ओसरला.

एवढ्यात उत्साहाच्या भरात मेहुण्यानं गाडीजवळ जाऊन मागचा ब्रेक दाबून बघितला. चाक बाहेर, डिस्क बाहेर, त्यामुळं आतले ब्रेकपॅड एकमेकांना भिडून बसले. आता डिस्क आत जाईना. मिस्त्री काही बोलला नाही. स्क्रूड्रायव्हर घेऊन पॅड हळूहळू फाकवत बसला, बराच वेळ. मेहुणा तेवढ्यात सगळ्यांसाठी भडंग घेऊन आला. पेढे मी आधीच वाटले होते.

परत निघताना जुनं टायर कॅरिअरला बांधलं. काय करणार त्याचं, असं सगळ्यांनी विचारलं. कडेला अजून नक्षी होती, टाकवेना. "नवं टायर गुळगुळीत असतंय, पहिलं शंभर किलोमीटर बेतानं," अण्णांनी बजावलं होतं. त्यामुळं मी पन्नासनं चाललेलो. उसाच्या ट्रॅक्टरनंही मला ओलांडलं, गाण्यासकट. या खेपेला मी आष्टा, पेठ नाका असा आलो.

कासेगावच्या अलीकडं रस्त्याकडेला एक माणूस स्कुटीपाशी उभा राहून जोरजोरात हात करत होता. थांबलो.

"बरं झालं मिस्त्री, वेळंवर आलात," तो म्हणाला.

मी मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. टायर होतं.

"अहो, मी मिस्त्री..."

"हवा कमी झालीया नुसती. दुकान लई लांब ऱ्हायलं."

कपाळावर घाम, हँडलला शाळेचं दप्तर अडकवलेलं, शेजारी पोरगी उभी. मी बॅगेतून पायपंप काढला. दोन वर्षं तो मी लडाखसाठी जपला होता. स्कुटीचं चाक भरलं, अंगठ्यानं दाबून बघितलं आणि मिस्त्रीसारखी मान हलवली.

"किती झालं?"

"दहा," मी म्हणालो आणि घेतले.