मधल्या नावाचा अर्ज

प्रति,
मा. ‘उपनाम’ आणि मा. ‘दिया गया नाम’,
रकाने, भारतीय पासपोर्ट.

विषय : तिसऱ्या रकान्याबाबत.

महोदय,

अर्जदार हा मराठी माणसाचे मधले नाव असून पहिले नाव व आडनाव यांच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्या राहतो. शाळेचा दाखला, सातबारा, लग्नपत्रिका, सगळीकडे त्याची जागा ठरलेली. आपल्याकडे मात्र बापाला लेकाच्याच रकान्यात पोटभाडेकरू म्हणून राहावे लागते.

सचिन रमेश तेंडुलकर हेच नाव घ्या. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायची ४४ खुणांची ओळ असते. पहिल्या ५ जागा दस्तऐवजाचा प्रकार आणि देश यांच्या. उरलेल्या ३९ मध्ये आधी आडनाव, मग ‘<<’, मग सचिन, ‘<’, रमेश. बापलेकांत निदान एवढी भिंत तरी राहते. विमान कंपन्या बहुधा तीही पाडतात आणि बोर्डिंग पासवर ‘तेंडुलकर/सचिनरमेशमिस्टर’ नावाचा प्रवासी जन्माला येतो.

गंमत म्हणजे शेवटच्या पानावर वडिलांच्या नावाला स्वतंत्र ओळ आहेच!

तमिळनाडूतल्या भाऊबंदांचे हाल निराळे. विश्वनाथन आनंद यांचे स्वतःचे नाव आनंद. विश्वनाथन हे वडील. पण ‘विशी, विशी’ करत बुद्धिबळाच्या जगाने वर्षानुवर्षे लाडाने हाक मारली ती वडिलांना.

ज्यांना आडनावच नाही, त्यांची तर बातच सोडा. अमेरिकेच्या व्हिसावर त्यांचे एकुलते नाव आडनावाच्या जागी सरकते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ येते, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अशा एकनामी पर्यटकांना दारच बंद केले. काही दिवसांतच खुलासा आला, की पासपोर्टवर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव कुठेतरी असले तर चालेल. परक्या मुलखात अर्जदाराची किंमत झाली ती अशी.

आता महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव येते. अर्जदारास याचा आनंदच आहे. फक्त उद्या ती मुले पासपोर्ट काढायला आली, की एका खोलीत तिघांचे बिऱ्हाड होईल.

तरी एक जादा रकाना मंजूर व्हावा, ही विनंती.

कळावे,
अर्जदार

सोबत : शाळा सोडल्याचा दाखला (अर्जदार मधोमध आहे).