बोरीला लागला तारा

डिसेंबर लागला की आमच्या मेहरूणमध्ये दोन गोष्टींना ऊत येतो: भरीत पार्ट्यांना आणि पोरांच्या मागण्यांना. भरीत निदान वांगी संपली की थांबतं.

यंदाची मागणी ख्रिसमस ट्रीची होती. थोरली पाचवीत, धाकटा बालवाडीत. दोघांनी शाळेत ते झाड पाहिलं आणि घरी येऊन ठराव मांडला. ‘आपला तो सण नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. शेजारून ईदचा शिरखुर्मा येतो तेव्हा हीच पोरं वाटी धुवायचं काम शिल्लक ठेवत नाहीत, आणि तेव्हा मीही रांगेत असतो.

आधी नर्सरी गाठली. तिथं कुंडीतलं ‘ख्रिसमस ट्री’ होतं. त्याचं खरं नाव अरौकेरिया आणि मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं नॉरफोक बेट. नर्सरीवाला प्रामाणिक निघाला. ‘‘भो, घेऊन जा, पण मे महिन्यात माझ्याकडे येऊ नका.’’ पंचेचाळीसच्या पुढं पारा गेल्यावर इथं माणसंसुद्धा ओला रुमाल डोक्यावर टाकून तग धरतात, तिथं त्या बेटावरच्या पाहुण्याची काय कथा! मग फुले मार्केटातलं प्लॅस्टिकचं झाड बघितलं. त्यावर आमच्या मंडळींनी एकच मुद्दा काढला: ‘‘माळ्यावर गणपतीचं मखर आहे, आकाशकंदील आहेत, पाहुण्यांच्या गाद्या आहेत. आता तिथं एक तर हे झाड राहील, नाहीतर तुम्ही.’’

मी माळ्याकडे एकदा पाहिलं आणि झाडाचा विषय सोडला. पोरांनी सोडला नाही.

शेवटी आई बोलली. ती भाजलेल्या वांग्याची सालं काढत होती, मानही वर केली नाही. ‘‘झाडच पाह्यजे ना? मंग बोरीले काय झालं?’’

बोरीला काहीच झालेलं नव्हतं. मेहरूणची बोरं म्हणजे नाव घेतलं की तोंडाला पाणी सुटणारी चीज. फळबागांच्या पुस्तकांत ‘मेहरूण’ ही बोराची जात म्हणूनच नोंदलेली आहे. आमच्या गावाला सरकारदरबारी याहून मोठी पदवी मिळालेली मला माहीत नाही. प्लॉट पडले, बंगले उठले, तशा बोरी मागं सरकत गेल्या. तरी मामांच्या बांधावर एक म्हातारी बोर अजून उभी आहे आणि ऐन नाताळातच ती लगडते.

बोरीची फांदी तोडणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. प्रत्येक पानाच्या बुडाशी तिला काट्यांची जोडी असते: एक सरळ, एक वाकडा. सरळ काटा टोचतो आणि तुम्ही ‘आई गं’ म्हणून हात मागं घेता, तेव्हा वाकडा बाही धरून ठेवतो. मामा कोयता चालवत होते, मी फांदी धरली होती आणि फांदीनं मला.

घरी आणून ती वाळूच्या बादलीत उभी केली. दिवाळीची लाइटची माळ, गणपतीच्या झिरमिळ्या, वर पुठ्ठ्याचा सोनेरी तारा. बर्फाचा प्रश्न खानदेशात पडूच शकत नाही. मामांच्या घरात नुकत्याच वेचलेल्या कापसाची गंजी छताला टेकलेली होती. पोरांनी पिशवीभर आणला आणि काट्याकाट्याला अडकवला. आमच्या बर्फात सरकी होती, एवढाच काय तो फरक. आईनं त्यातूनच देवासाठी वातीपुरता बर्फ काढून घेतला.

थोरलीचं मात्र समाधान होईना. ‘‘पुस्तकातलं असं नसतं.’’ मग मला वाचन करावं लागलं. सजवलेलं झाड ही मुळात जर्मनीकडची रीत. 1848 साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि पोरंबाळं अशा झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं आणि मग इंग्रजांच्या घरोघरी ते शिरलं. म्हणजे तिथंही पोरांनी शेजाऱ्याकडं पाहूनच हट्ट धरला असणार. त्याच्याही आधी, जर्मनीत 24 डिसेंबरला आदाम आणि हव्वेच्या नाटकात जे झाड उभं करत, त्याला सफरचंदं टांगत. आणि बोरीची एक सख्खी चुलतबहीण पॅलेस्टाइनकडे उगवते. येशूचा काटेरी मुकुट तिच्याच फांद्यांचा होता असं परंपरेनं मानतात. तिचं शास्त्रीय नावसुद्धा ‘स्पायना क्रिस्टी’, ख्रिस्ताचा काटा. म्हणजे नात्यागोत्यानं पाहिलं तर नाताळात बोरीचा मान मोठा.

‘‘आन् रामानं काय सफरचंद खाल्लं व्हतं का?’’ आईनं शबरीच्या बाजूनं साक्ष नोंदवली.

थोरली म्हणाली, ‘‘मग सफरचंद टांगू.’’ धाकट्यानं बाजारात पाहिलेलं ॲपल बोर सुचवलं. इथं मात्र मी बापाचा आवाज काढला. ते हिरवं, पोपटाच्या डोक्याएवढं, पाणचट फळ मेहरूणच्या घरात येणार नाही. माणसानं उदार असावं, पण किती?

नाताळच्या आदल्या रात्री शाळेचे मोजे फांदीला लटकले. धुतलेले होते, असं मला सांगण्यात आलं. सांताक्लॉजसाठी दूध-बिस्किटं ठेवतात हे पोरांना ठाऊक होतं, पण आजीच्या मते एवढ्या थंडीत लांबून आलेल्या माणसाला बिस्किटावर काढणं बरं दिसत नाही. तिनं भरीत, कळण्याची भाकरी आणि पातीचा कांदा झाकून ठेवला. मध्यरात्री बसून ते सगळं कोणी संपवलं हे सांगायची गरज नाही. सकाळी धाकट्यानं ताट तपासलं आणि जाहीर केलं, ‘‘सांताला मिरची लागली. पाण्याचा तांब्या पूर्ण रिकामा आहे!’’

तोवर झाडावर बोर म्हणून उरलं नव्हतं. दागिने खाऊन टाकता येतात असं झाड पोरांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. पायाखाली आठोळ्या, कोपऱ्यात कापूस आणि वर तारा तेवढा शाबूत, कारण तो पुठ्ठ्याचा होता.

तुमच्याकडे पोरांनी असाच हट्ट धरला तर जरूर बोरीची फांदी आणा. जाताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला, फांदी दुसऱ्याला धरायला सांगा आणि कोयता आपल्या हातात ठेवा. बोरं दुप्पट आणा. संक्रांतीनंतर धाकट्याच्या बोरन्हाणाला पुन्हा लागतातच.