नक्कल मिळेपर्यंत

शिक्षा सुनावली की प्रकरण संपलं, हा गैरसमज आता फक्त गरिबांत उरला आहे. जाणता माणूस निकालाच्या सकाळीच एक वकील सत्र न्यायालयात उभा करतो आणि दुसरा उच्च न्यायालयात.

6 मे 2015 आठवा. 2002च्या वांद्रे अपघात प्रकरणात मुंबई सत्र न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयाने दोन दिवसांचा जामीनही. कारण काय, तर निकालाची संपूर्ण प्रत अजून हाती आली नव्हती. 8 मे रोजी शिक्षेला स्थगिती, डिसेंबरात निर्दोष मुक्तता. पुरावा अपुरा होता असं न्यायालय म्हणालं. आपण कोण शंका घेणार? पण खटल्याला बारा वर्षं आणि अपिलाला सात महिने! कोर्ट संथ म्हणणाऱ्यांनी तोंड सांभाळून बोलावं.

आता बराकीतल्या गृहस्थांकडे वळू. नक्कल त्यांनाही मिळालेली नसते. फरक इतकाच, की तिच्यावाचून साहेब बाहेर येतात आणि हे आत राहतात. मग तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अर्ज. त्याला जेल अपील म्हणतात. मग विधी सेवेचा वकील, मग खटल्याच्या कागदांचं पेपरबुक, मग बोर्ड म्हणजे सुनावणीची यादी, आणि बोर्डावर नंबर लागलाच तर पुढची तारीख. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साधारण 60 दिवस, फाशी असेल तर 30. मुदत मागणाऱ्याला असते, ऐकणाऱ्याला नसते. अपील वाजवी वेळात ऐकता येत नसेल तर सामान्यतः जामीन द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली कश्मिरा सिंग खटल्यात सांगून ठेवलं. बहुधा त्या निकालाचीही नक्कल अजून पोहोचायची आहे.

पुढाऱ्यांची अडचण निराळी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या लिली थॉमस निकालापासून दोन वर्षांची शिक्षा झाली की खुर्ची तत्काळ जाते. त्यामुळे त्यांना नुसता जामीन पुरत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती लागते. तुरुंग सोसेल हो, माजी आमदार म्हणवून घेणं सोसत नाही!

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट द्यावी, असं कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. तेव्हा सरकारने नवा कायदा करण्याची तसदी घेऊ नये. बेडी घालणाऱ्या शिपायाच्या दुसऱ्या हातात ती प्रत तेवढी द्यावी.