मार्क देणारे सर

नवा माऊस आणला तर तो भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली ठेवून घरात न्यावा, हे आमच्या कॉलनीत लहान पोरांनाही कळतं. कारण गेटपाशी सर उभे असतात.

तुमच्याकडेही असतीलच. नांदेडात तरोडा नाक्यापासून सिडकोपर्यंत आणि लातुरात औसा रोडपासून गंजगोलाईपर्यंत दर दोन गल्ल्यांमागे असा एक गृहस्थ सापडतो. त्याचं दुकान नसतं. पदवी वनस्पतिशास्त्राची किंवा कॉमर्सची असते आणि नोकरी बँकेत नाहीतर जिल्हा परिषदेत. पण कॉलनीत कुणाच्या घरात कुठला प्रिंटर आहे आणि त्याची शाई कधी संपणार, हे घरमालकाच्या आधी त्याला ठाऊक असतं. आमचे सर मूळचे लातूरचे. बदलीवर नांदेडला आले आणि इथलेच झाले. मात्र परीक्षा आणि मार्कांचं लातूर त्यांच्यातून गेलं नाही. त्यामुळे कुठल्याही वस्तूला ते चांगली किंवा वाईट म्हणत नाहीत. मार्क देतात.

"कितीला आणलाव?"

"साडेचारशेला."

सर माऊस उलटा करतात, पोटाखालचा लाल दिवा बघतात, चाक फिरवतात, वायर दोन बोटांत पिळतात. "त्रेसष्ट."

"रुपये?"

"मार्क. वायरीचे सात कापले. उंदीर एका रात्रीत खाईल. टेबलावर काच आहे का तुमच्या? मग अजून पाच गेले. काचेवर हा चालत नसतो, खाली पुठ्ठा घालावा लागतोय." आणि मग ते वाक्य, जे ऐकू नये म्हणून माणसं मेथी विकत घेतात: "घ्यायच्या आधी इचारायचं होतं."

आधी विचारायची सोय आहे, नाही असं नाही. पण मग तोंडी परीक्षा होते. घरात कॉम्प्युटर कोण वापरतंय, किती वेळ, पोरगं कितवीला, अर्थिंग केलंय का, कूलर कुठल्या खिडकीला आहे. एक वेब-कॅमेरा घ्यायचा म्हणून गेलेला आमचा शेजारी इलेक्ट्रिशियनचा नंबर घेऊन परत आला.

२००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले, तो सरांचा सुवर्णकाळ. कॉम्प्युटरला तेव्हा फुलाफुलांचं कव्हर असे आणि त्या खोलीत चप्पल काढून जावं लागे. डिजिट मासिक यायचं, त्याच्यासोबत सॉफ्टवेअरची सीडी. पुण्या-मुंबईचे लोक त्यातले परीक्षणाचे रकाने वाचून खरेदी करायचे. सर ते रकाने वाचून परीक्षकालाच मार्क द्यायचे. "यानं यूपीएस तपासलाय, पण लोडशेडिंगमधी नाही तपासला. चाळीस."

यूपीएसच्या तपासणीचं प्रकरण तर बघण्यासारखं असे. ते मराठवाड्यातल्या लांबलचक लोडशेडिंगचे दिवस होते. इतर गावांत यूपीएस तपासायला प्लग काढावा लागतो. आम्हाला नुसतं बसून राहावं लागे. लाईट जायच्या पाच मिनिटं आधी सर हातात घड्याळ घेऊन हजर. डब्यावर छापलेलं असे, बॅकअप वीस मिनिटं. लाईट गेली की यंत्र टीं टीं करू लागे आणि सगळं कुटुंब त्या अंधारात मॉनिटरच्या उजेडाकडे बघत श्वास रोखून बसे. सहाव्या मिनिटाला टक्. काळोख. काळोखातून सरांचा आवाज: "नापास." घरची बाई हळहळली की सर जरा विरघळत. "एटीकेटी देऊ. आत बारा व्होल्ट सात अँपिअरअवरची बॅटरी आहे, ती तरी किती ओढंल? वर सहाशे लिहिलंय ते व्हीए आहे, वॅट नाही. वॅट धरले तर साडेतीनशेच्या आसपास. त्याच्यावर तुम्ही हा मोठा मॉनिटर, स्पीकर आणि प्रिंटर लावलाव. प्रिंटर काढा आणि उद्या पुन्हा परीक्षेला बसवा."

दुसऱ्या दिवशी तो यूपीएस अकरा मिनिटं चालला. सरांनी त्याला पासष्ट दिले आणि त्या बाईला ऐंशी.

पेनड्राइव्हचं मूल्यमापन याहून कडक. गावात बत्तीस जीबीचे पेनड्राइव्ह कवडीमोलानं मिळायला लागले तेव्हा सरांना वास आला. त्यांनी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं जर्मन सॉफ्टवेअर मिळवलं. ते पेनड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि भरलेलं सगळं परत वाचून बघतं. पहिले चार जीबी नीट वाचले गेले, पुढं नुसता कचरा. आतली चिप चारचीच, फक्त कॉम्प्युटरला बत्तीस सांगायला शिकवलेली. "डमी उमेदवार!" सर गरजले. "हॉल तिकीट एकाचं, बसलाय दुसराच." त्या दिवसापासून कॉलनीत कुणी नवा पेनड्राइव्ह आणला की रात्रभर सरांकडे मुक्कामाला असे.

व्हायरसवर त्यांचा स्वतंत्र विभाग होता. फोटो स्टुडिओतून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये 'न्यू फोल्डर' म्हणून जो गोंडस पिवळा फोल्डर दिसतो, तो फोल्डर नसून शेपटीला ईएक्सई लावलेला प्रोग्रॅम असतो, हे त्यांनी महिला मंडळाच्या हळदीकुंकवात समजावून सांगितलं. अँटिव्हायरसमध्ये क्विक हीलला ते कायम पाच मार्क जास्त देत. कारण विचारलं तर म्हणत, "कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या मराठी माणसानं पुण्यात काढलंय. शिवाय ज्याच्या घरी इंटरनेट नाही, त्याला अपडेट पेनड्राइव्हवर नेता येतं. आपल्या खेड्यापाड्याचा इचार केलेला आहे."

मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला एकच प्रश्न, शंभर मार्कांचा: 'दुसऱ्या' टाइप करून दाखवा. ऱ्या फुटला की विद्यार्थी बाहेर. विंडोज एक्सपीमध्ये मंगल फॉन्ट होता, पण जोडाक्षरं नीट उमटण्यासाठी मूळ सीडीतून वेगळ्या फाइली टाकाव्या लागत. ती सीडी कॉलनीत फक्त सरांकडे होती आणि तिला ते प्रश्नपत्रिकेसारखं कुलपात ठेवत.

२०१७च्या सप्टेंबरात मात्र त्यांची अब्रू गेली, निदान त्यांना तसं वाटलं. सीक्लीनर या सफाईच्या सॉफ्टवेअरला त्यांनी ब्याण्णव दिले होते, आणि ब्याण्णव म्हणजे सरांच्या हिशेबात बोर्डात पहिला. जगभर बातमी आली की त्याच्या एका आवृत्तीतच कुणीतरी घातक कोड घुसवला होता आणि ती अधिकृत ठिकाणाहूनच लाखो लोकांनी उतरवून घेतली. सर त्या संध्याकाळी दारोदार फिरले. "निकाल राखून ठेवलाय," असं प्रत्येकाला सांगून स्वतःच्या हातानं ते काढून टाकलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहे हेच माहीत नव्हतं. एका आजोबांना वाटलं नातवाचा निकाल राखलाय, ते रात्रभर झोपले नाहीत.

पुढं घरोघर नीट परीक्षेचं वेड शिरलं आणि सरांनी शंभराची पद्धत टाकून दिली. आता सगळं सातशेवीसपैकी. बरोबर असेल तर चार, चूक असेल तर वजा एक. की-बोर्ड सहाशे बारा. हेडफोन चारशे चाळीस, "सरकारीला लागणार नाही." एका स्वस्त ब्लूटूथ स्पीकरला वजा अठरा पडले. त्या स्पीकरचा मालक अजून सरांशी बोलत नाही.

सरांच्या घरी गेलं तर वहिनी चहा ठेवता ठेवता सांगतात, "मिक्सरला एकोणसत्तर दिलेत. कूलरला पंचावन्न. मला किती ते तीस वर्षांत सांगितलं नाही." सर ऐकू न आल्यासारखं करतात. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर बघाल तर बाजूचा पत्रा काढलेला, आत टेबलफॅन रोखलेला. की-बोर्ड कुणीतरी टाकून दिलेला, माऊस वायरीचे सात मार्क गेलेला तोच. कॉलनीत जे जे नापास झालं ते सरांनी घरी आणून पास करून घेतलं. देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबादला जाऊन चेनॉय ट्रेड सेंटरच्या गाळ्यागाळ्यांतून ते लोकांसाठी वस्तू आणायचे. यादीत त्यांचं नाव कधी नसायचं. दुकानदार कमिशन देऊ करत. सर तेवढे पैसे बिलातून कमी करायला लावत.

आता त्यांच्याकडे फारसं कुणी जात नाही. मोबाइलवर कुठल्यातरी महानगरातला चकचकीत मुलगा कंपनीनं फुकट पाठवलेला डबा उघडतो, खोली एसीची, वीज अखंड, आणि व्हिडिओखाली खरेदीची लिंक; तिच्यावरून घेतलं की त्याला वाटा. त्याच्या पाच तारे दिलेल्या राउटरनं मे महिन्यातल्या त्रेचाळीस अंशांत, कूलरच्या दमट हवेत आणि संध्याकाळी लटपटणाऱ्या व्होल्टेजमध्ये काय करायचं, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. सर नेमका तेवढाच प्रश्न विचारायचे. वैतागून आम्ही मेथीखाली माऊस लपवला खरा, पण आमच्या घरातली धूळ, आमच्या भिंतीतलं अर्थिंग आणि आमच्या बापाचा पगार धरून मार्क देणारा परीक्षक दुसरा कुणी भेटला नाही. हे लिहिणं मला जड जातंय, कारण गेल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नव्या की-बोर्डला तीनशे दहा दिले.

२०२०मध्ये शाळा मोबाइलमध्ये गेल्या आणि कामवाल्या मावशींच्या मुलीकडे मोबाइलच नव्हता. सरांनी माळ्यावरचे नापास विद्यार्थी खाली काढले. एकाची रॅम दुसऱ्यात, तिसऱ्याची हार्ड डिस्क चौथ्यात. मास्क लावून स्कूटीवर मॉनिटर बांधून पोचवले. त्या यंत्रांना किती मार्क, असं कुणीतरी चेष्टेनं विचारलं. "ग्रेस देऊन पास," एवढंच म्हणाले. त्यातल्या एका कॉम्प्युटरवर ती मुलगी दहावी झाली. तिचे मार्क सरांना पाठ आहेत.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक घरांतले धडधाकट डबे भंगारात निघाले आहेत. सरांचं मत असं की एक एसएसडी घालावी, लिनक्स मिंट टाकावं, कार्यालयीन कामाला आणि पोरांच्या अभ्यासाला ते अजून बरीच वर्षं पुरतं. अशा जोडणीला त्यांचे सातशेवीसपैकी सहाशे चाळीस आहेत. सर संध्याकाळी सातनंतर घरी असतात. फी नाही, चहा बिनसाखरेचा चालतो. मात्र नवीन वस्तू अजून घेतलेली नसावी, एवढी एकच अट आहे.